कोऱ्या फॉर्मवरची सही: वर्धा रोडवरच्या एका अपघाताचा दावा

सर माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात विमा कंपनीचं पत्र होतं. त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवूनच ते आत आले. "चालक व अपघाताचे कारण याबाबत वस्तुस्थिती दडवल्यामुळे आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे." सरांनी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. पैशांपेक्षा 'दडवल्यामुळे' हा शब्द त्यांना लागला होता. "मी काय दडवलं जी?" एवढंच ते दोनदा म्हणाले.

मी बावीस वर्षं सर्व्हेयर म्हणून नागपूर, वर्धा, भंडारा पट्ट्यातल्या अपघाती गाड्या तपासल्या. आता ते काम थांबवलं आहे, पण बेसा भागातल्या आमच्या लेआउटमधलं कुणी अडलं की कागद घेऊन येतं. हे प्रकरण सरांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. अपघात, कागद आणि आकडे आहेत तसे ठेवले आहेत.

२०२५ च्या जुलैतला शनिवार. सर आणि त्यांचा पुतण्या बुटीबोरीहून एका साखरपुड्याहून परत येत होते. गाडी सरांची, तीन वर्षं चार महिने जुनी, पेट्रोलची छोटी कार. सरांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे, रात्री समोरून दिवे आले की त्यांना त्रास होतो. म्हणून स्टिअरिंग पुतण्याकडे होतं. तो मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे, त्याचं लायसन्स चालू आहे, आणि त्या रस्त्याने तो रोज जातो-येतो. पाऊस चालू होता. जामठ्याचं स्टेडियम मागे टाकून खापरीच्या अलीकडे आले, तेवढ्यात उलट्या बाजूने एक मोटारसायकल कडेकडेने समोर आली. पुतण्याने गाडी उजवीकडे घेतली. गाडीचं तोंड डिव्हायडरवर आदळलं, आणि मागची डावी बाजू मोटारसायकलला लागली. तो मुलगा पडला. नडगीचं हाड मोडलं.

पुढच्या तासाभरात काका-पुतण्याने जे केलं ते बरचसं योग्य होतं, आणि शेवटी दावा वाचला तो त्याच जोरावर. पुतण्याने आधी १०८ ला फोन केला, मग ११२ ला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला दवाखान्यात पोचवण्याची व्यवस्था करणं आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणं हे चालकाचं कर्तव्यच आहे. पण त्या क्षणी कलम कुणाला आठवत नाही, मुलगा चिखलात कण्हत असतो. अँब्युलन्स येईपर्यंत पुतण्याने गाडी हलवली नाही, पार्किंगचे दिवे लावले आणि मोबाईलवर अकरा फोटो काढले. दोन्ही वाहनांच्या नंबर प्लेट, डिव्हायडरला लागलेला भाग, रस्त्यावरच्या काचा, मोटारसायकल कोणत्या दिशेला तोंड करून पडली ते. शेवटचा फोटो फार कमी लोक काढतात. उलट्या बाजूने येणाऱ्याचं तोंड कुठे होतं हे गाड्या हलवल्यावर कुणालाच सिद्ध करता येत नाही.

गर्दी जमली. एकाने मध्यस्थी सुरू केली: वीस हजारात मिटवून टाका, एक कागद लिहून द्या की चूक आमची आहे, पोलिसांत कशाला जाता. सरांनी मुलाच्या मित्राच्या हातात दवाखान्यासाठी दोन हजार रुपये दिले, कागद लिहून दिला नाही. हे दोन्ही बरोबर. आपल्या वाहन पॉलिसीत एक अट असते, सहसा कुणी वाचत नाही ती: कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करायची नाही आणि नुकसानभरपाईचं वचन द्यायचं नाही. जखमीला त्या वेळी हातभार लावणं म्हणजे कबुली नव्हे. चुकीचा कागद सही करून देणं मात्र कबुलीच आहे, आणि जखमीच्या भरपाईचा दावा जिथे चालतो त्या मोटार अपघात न्यायाधिकरणात तो कागद पुढे तुमच्यासमोर येतो.

पोलीस आले, स्टेशन डायरीला नोंद झाली. दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या भावाच्या तक्रारीवरून पुतण्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली गुन्हा दाखल झाला. काका-पुतण्याच्या छातीत दुखत होतं म्हणून त्याच रात्री दोघे घराजवळच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी अपघाताची केस म्हणून मेडिको-लीगल, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामी येणारी, नोंद केली. सरांना ती नोंद म्हणजे उगाच कटकट वाटली होती. तिचं काय झालं ते पुढे येईलच.

रविवारी सकाळी टोल-फ्री नंबरवर कळवून त्यांनी क्लेम नंबर घेतला. उशीर झालाच नव्हता. पण कुणाला एखाद-दोन दिवसांचा उशीर झाला असेल तर घाबरून दावाच सोडून देऊ नका. विमा नियामकाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना सांगितलं आहे की उशिराचं कारण खरं आणि टाळता न येण्यासारखं असेल तर केवळ उशिरावर बोट ठेवून दावा फेटाळू नये.

बिघडलं ते गॅरेजच्या काउंटरवर.

गाडी क्रेनने रात्रीच तिथे नेली होती. सोमवारी सर कागद घेऊन गेले: आरसी, पॉलिसी, पॅन कार्ड, रद्द केलेला चेक. सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरने "मालकाचं लायसन्स" मागितलं, सरांनी स्वतःचं दिलं. मग त्याने दोन पानी क्लेम फॉर्म पुढे केला. "सर, तुम्ही इथे, इथे आणि मागे सही करून द्या. बाकी मी भरून घेतो." सरांना बँकेत जायचं होतं. त्यांनी तिन्ही जागी सही केली. फॉर्म कोरा होता.

त्या पोराने वाईट हेतूने काही केलं असं मला वाटत नाही. असे फॉर्म तो दिवसाला आठ-दहा भरतो. 'अपघाताच्या वेळी वाहन कोण चालवत होते' या रकान्यात त्याने समोर असलेल्या लायसन्सवरचं नाव लिहिलं, म्हणजे सरांचं. 'अपघात कसा झाला' इथे त्याने रोजचं वाक्य लिहिलं: जनावर आडवे आल्याने त्यास वाचविताना गाडी डिव्हायडरवर आदळली. 'तिसऱ्या व्यक्तीस इजा झाली काय' यापुढे 'नाही'. त्याच्या समजुतीप्रमाणे असं लिहिलं की क्लेम लवकर पास होतो. ही समजूत नागपुरातल्या कितीतरी गॅरेजांत पक्की बसलेली आहे. मी सर्व्हेयर असताना एका आठवड्यात इतकी जनावरं आडवी आलेली वाचायचो की जिल्ह्यातली सगळी गुरं हायवेवरच राहतात की काय असं वाटावं.

या सगळ्याच्या मुळाशी आणखी एक गैरसमज आहे, तो इथेच काढून टाकतो. पॉलिसी ज्याच्या नावावर, गाडी त्यानेच चालवली असली पाहिजे, असं नाही. खासगी कारच्या पॉलिसीतल्या चालकाच्या कलमात स्वच्छ लिहिलेलं असतं: विमाधारकासह कोणतीही व्यक्ती, मात्र तिच्याकडे त्या वेळी वैध लायसन्स हवं आणि ती लायसन्ससाठी अपात्र ठरवलेली नसावी. पुतण्या, जावई, शेजारी, पगारी ड्रायव्हर, कुणीही चालतो. खरं लिहिलं असतं तर दाव्याला धक्काही लागला नसता.

सर्व्हे मंगळवारी झाला. पन्नास हजारांवरच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेयर लागतो, आणि २०२४ च्या मास्टर परिपत्रकानुसार दावा कळवल्यापासून चोवीस तासांत त्याची नेमणूक व्हावी अशी अपेक्षा आहे. तो येईपर्यंत गाडी उघडू द्यायची नाही. इथे गॅरेजने ते पाळलं. बंपर आणि बॉनेट काढल्यावर रेडिएटरच्या मागचा क्रॉस मेंबर वाकलेला दिसला, त्याचे चौदा हजार वाढले, तेव्हा सर्व्हेयरला परत बोलावून दाखवलं. असं आतलं नुकसान नंतर सांगितलं आणि दाखवलं नाही तर ते हमखास कापलं जातं.

मग कंपनीकडे एफआयआरची प्रत पोचली. एफआयआरमध्ये चालक पुतण्या, फॉर्ममध्ये काका. एफआयआरमध्ये मोटारसायकल, फॉर्ममध्ये जनावर. एका बाजूला जखमी, दुसऱ्या बाजूला 'नाही'. कंपनीने तपासनीस पाठवला, त्याने गॅरेज आणि पोलीस ठाणं गाठलं, आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते पत्र आलं. गॅरेजने पूर्ण बिल मागितलं, वर रोजच्या पार्किंगची भाषा सुरू केली. सरांनी मुदतठेव मोडली.

मी सरांना सरळ सांगितलं की कंपनीचा संशय बिनबुडाचा नव्हता. लायसन्स नसलेल्याने किंवा प्यायलेल्याने गाडी ठोकायची आणि कागदावर दुसऱ्याला बसवायचं, हा प्रकार रोजचा आहे. खोट्या फॉर्मवर खरी सही सरांचीच होती. त्यांना ते ऐकायला जड गेलं, पण तिथून सुरुवात केल्याशिवाय पुढचं पत्र लिहिताच आलं नसतं. कंपनीची चूक वेगळी होती. पुतण्याचं लायसन्स वैध आहे हे तपासनिसाच्या अहवालात होतं. मग खुलासा मागणारं एक पत्र पाठवायला काय हरकत होती? सत्तरीतल्या माणसाला एकदाही न विचारता 'दडवलं' म्हणणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

आम्ही सगळे कागद दिवाणखान्यात जमिनीवर मांडले आणि प्रत्येकावर एकच गोष्ट शोधली: चालकाच्या जागी कोण होतं? एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, ११२ च्या कॉलची नोंद. तिन्हीकडे पुतण्या. पण हे सगळे कागद पुतण्याच्या किंवा समोरच्याच्या सांगण्यावरून झालेले. कंपनी म्हणू शकली असती की नाव तुम्हीच सांगितलंत. मग दवाखान्याचे मेडिको-लीगल कागद काढले. पुतण्याच्या पानावर डॉक्टरांनी लिहिलं होतं: उजव्या खांद्यापासून डाव्या बरगडीकडे तिरका वळ. सरांच्या पानावर: डाव्या खांद्यापासून उजवीकडे तिरका वळ.

सीटबेल्ट. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं, म्हणून चालकाचा पट्टा उजव्या खांद्यावरून खाली येतो आणि शेजारी बसलेल्याचा डाव्या खांद्यावरून. कोण कुठे बसलं होतं ते त्या दोन वळांनी सांगितलं होतं, अपघातानंतर दोन तासांच्या आत, क्लेम फॉर्म छापील गठ्ठ्यातून बाहेर निघण्याआधी दीड दिवस. इतकी वर्षं या कामात घालवली, पण मला स्वतःला ते पाहून आनंद झाला. सरांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी नकळत आपल्या डाव्या खांद्यावर हात ठेवला.

तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलेलं पत्र दीड पानाचं होतं. पहिल्याच परिच्छेदात कबुली: फॉर्म कोरा असताना मी सही केली, त्यातल्या तीन नोंदी चुकीच्या आहेत, ती चूक माझी. मग प्रत्येक नोंदीपुढे खरं काय ते, आणि कोणत्या कागदावरून. मग हा मुद्दा: चालकाकडे त्या दिवशी वैध लायसन्स होतं, त्यामुळे काकांचं नाव लिहून कुणाचाही काही फायदा झालेला नाही. लपवण्यासारखं काही नव्हतंच. सोबत अकरा फोटो, तारीख-वेळेसह. गॅरेजवर राग काढणारं एकही वाक्य मी त्यात राहू दिलं नाही, सरांना दोन वाक्यं घालायची होती तरी. अशा पत्रात दुसऱ्याला दोष दिला की वाचणाऱ्याचं लक्ष तिकडे जातं.

दोन आठवड्यांत उत्तर आलं: पूर्वीचा निर्णय कायम.

त्यानंतर विमा लोकपाल. नागपूरकरांचा दावा पुण्याच्या कार्यालयाकडे जातो. फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. लोकपाल ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ऐकतात. त्याआधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी. कंपनीने ती फेटाळली किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही तर लोकपालांकडे जाता येतं, आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. दुसरा रस्ता सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा ग्राहक आयोगाचा, तिथे मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणाला तिथेही फी नाही. पण तारखांचा अनुभव पाहता सरांच्या रकमेसाठी मी लोकपालांचं नाव सुचवलं. ज्यांना कंपनीकडे तक्रार कशी नोंदवायची हेच कळत नाही त्यांच्यासाठी नियामकाचं 'बीमा भरोसा' पोर्टल आणि १५५२५५ हा फोन आहे. तिथून तक्रार कंपनीकडे जाते आणि तिला नंबर मिळतो.

आकडे असे होते. दुरुस्तीचं बिल १,३६,००० रुपये. गाडीची विमित किंमत ४,८०,०००. दुरुस्ती तिच्या ७५ टक्क्यांच्या वर गेली असती तर गाडी 'टोटल लॉस', म्हणजे दुरुस्तीपलीकडची, धरली गेली असती, तो प्रश्नच नव्हता. प्लास्टिकचे भाग ३८,०००, त्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, राहिले १९,०००. पत्र्याचे आणि लोखंडी भाग ४४,०००. गाडी तीन ते चार वर्षांच्या गटात, म्हणून २५ टक्के घसारा, राहिले ३३,०००. काच ९,०००, काचेला घसारा नाही. मजुरी २१,०००, पूर्ण. रंगकाम २०,०००, त्यातला चौथा भाग म्हणजे ५,००० हा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्यावर निम्मा घसारा, राहिले १७,५००. कूलंट, क्लिपा वगैरे ४,००० पूर्ण वजा. हे झाले ९९,५००. त्यातून सक्तीची वजावट १,००० आणि भंगाराचे १,५०० गेले, उरले ९७,०००. क्रेनचं बिल ३,५०० होतं, पॉलिसीत ओढून नेण्याची मर्यादा १,५००. एकूण देय ९८,५००. 'झिरो डेप', म्हणजे घसारा न कापण्याचं जादा संरक्षण, घेतलं असतं तर घसाऱ्याचे ३२,५०० आणखी मिळाले असते. रबर-प्लास्टिक निम्म्यावर येतं हे लोकांना बिल हातात पडल्यावरच कळतं आणि मग सर्व्हेयरने कापलं म्हणून भांडण होतं. तो तक्ता पॉलिसीतच छापलेला असतो.

सुनावणी व्हिडिओवर झाली, पुतण्याच्या लॅपटॉपसमोर सर इस्त्रीचा शर्ट घालून बसले. त्यांनी आधी चूक सांगितली, मग वळांची दोन पानं दाखवली. कंपनीचा प्रतिनिधी काही वेळ गप्प होता. शेवटी मध्यस्थीत ठरलं ते असं: दावा 'नॉन-स्टँडर्ड' धरून देय रकमेच्या ७५ टक्के. पॉलिसीची अट मोडली पण ती नुकसानीच्या मुळाशी नाही, अशा दाव्यांत ही पद्धत जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अमलेंदु साहू यांच्या प्रकरणात तीच वाट धरली होती. सरांच्या खात्यात जानेवारीत ७३,८७५ रुपये जमा झाले. माझ्या मते आणखी लढलो असतो तर जास्त मिळण्यासारखं होतं. सर थकले होते, आणि सही आपली होती हे त्यांना मनातून मान्य होतं. म्हणून मी आग्रह धरला नाही. कोऱ्या फॉर्मची किंमत २४,६२५ रुपये पडली, मोडलेल्या ठेवीचं व्याज वेगळं.

आता त्या मुलाविषयी, कारण विम्याचं बोलताना लोक गाडीपाशीच थांबतात.

तो बुटीबोरी एमआयडीसीत कंत्राटावर काम करतो. नडगीत सळई टाकली, चार महिने पगार नाही. मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे, त्यात रस्ता अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार मिळतात, पण नेमलेल्या रुग्णालयात. त्याच्या घरच्यांना ते ठाऊक नव्हतं, ते जवळच्या दवाखान्यात गेले आणि उसनवार करून पैसे भरले. त्याचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात आहे. २०२२ च्या एप्रिलपासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि अर्जासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. घरात कुणी जखमी असेल तर ती तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

न्यायाधिकरणाची नोटीस सरांना आली तेव्हा त्यांनी ती कपाटात ठेवली होती, "कंपनी पाहून घेईल" म्हणून. तृतीय पक्षाची भरपाई कंपनीनेच द्यायची असते हे खरं, पण मालकाने नोटीस ताबडतोब कंपनीला लेखी कळवायची आणि स्वतःही हजर राहायचं. नाही तर एकतर्फी निकाल होतो, आणि कंपनीने पुढे मालकाकडून वसुलीची मागणी केली तर हातात काही राहत नाही. मी ती नोटीस त्याच दिवशी स्कॅन करून पाठवायला लावली. तो उलट्या बाजूने येत होता, त्यामुळे त्याच्या वाट्याची चूक धरून रक्कम कमी होईल. पुतण्याचा तो फोटो तिथेही लागेल.

सरांना त्याचं वाईट वाटतं. "आपल्या वकिलाने तो फोटो दाखवला की त्याचे पैसे कटतील ना?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हटलं. खरं तेच मांडायचं, दोन्ही बाजूंनी, हे त्यांनी मान्य केलं, पण त्या दिवशी चहा तसाच ठेवून गेले. गेल्या तारखेला न्यायमंदिराच्या व्हरांड्यात त्या मुलाची आई बाकावर एकटी बसलेली त्यांनी पाहिली. कॅशलेस योजनेबद्दल आधी कुणी सांगितलं असतं तर, असं ती म्हणाली. पुढची तारीख जूनमध्ये आहे. सर म्हणतात, वकील गेले तरी मीही जाईन.